सूचक तोच, अनुमोदक तोच

७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली. पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं या शहरात एक नगरसेवक नव्हता. आणि गंमत बघा दोस्तांनो, कुठं काही पेटलं नाही. लोकल चालल्या, गणपती आले नि गेले. पेपरवाल्यांनी 'प्रशासकराज' असा गुळगुळीत शब्द काढला नि मोकळे झाले.

मी विचारतो, घटनेतलं २४३-यू कलम काय पुड्या बांधायला छापलंय? पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक पुरी करा, असं साफ लिहिलंय त्यात. तरी चालढकल. २२७ वॉर्डांचे २३६, २३६ चे परत २२७. ओबीसी आरक्षणाचा खटला पुढं. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, घ्या आता निवडणुका.

तोवर आयुक्त हाच प्रशासक. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा त्यानं, नि स्थायी समितीच्या जागी बसून मंजूर करायचा त्यानंच. २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं. त्यावर सभागृहात बोलायला एक तोंड नाही! मलबार हिलचं काय अडलं? त्यांचा फोन थेट मंत्रालयात लागतो. आपल्या वस्तीत संडास तुंबला, नाल्याची भिंत खचली, तर आपली धाव नगरसेवकापर्यंत. तेवढंही तोडलं.

कुणी म्हणेल, नगरसेवक तरी कुठं धुतल्या तांदळाचे? नाहीतच. २२७ पैकी १५ जागा अनुसूचित जातींच्या. वॉर्ड राखीव आपल्यासाठी, तिकीट वाटणारे ते, आणि निवडून आल्यावर हात वर करायचा तो पक्षाच्या व्हीपनं. १९३२ ला पुण्यात जी मेख मारली ती अशी पार वॉर्डापर्यंत उतरलीय. पण नगरसेवकाच्या दारात जाऊन चार शिव्या तरी घालता येतात. प्रशासकाचं दार कुठल्या वस्तीत आहे?

आणि नगरपालिका म्हणजे नुसती गटारं नि दिवाबत्ती, असं समजणाऱ्यांनी महाड आठवावं. १९२४ ला तिथल्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं करायचा ठराव केला. ठराव कागदावर सुकत पडला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले, तर ऑगस्टात त्याच नगरपालिकेनं तो ठराव फिरवला! हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. पाणी कुणी प्यायचं हे तिथल्या टेबलावर ठरत होतं. मुंबईत वेगळं काय? कट-ऑफ तारखेनंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्या, हे २०१४ ला पुन्हा हायकोर्टालाच सांगावं लागलं.

आता सभागृह परत भरलंय. १४ एप्रिलचा मंडप आपण झकास घालतो, पण प्रभाग समितीची बैठक कधी असते ते आपल्यातल्या किती जणांना ठाऊक? विषयपत्रिका मागा, बैठकीच्या आधी मागा, नंतर नाही. राखीव जागेवरच्या नगरसेवकाला वस्तीत बोलवा नि एकेका ठरावावर विचारा, हात वर होता का खाली. पक्षाचा आदेश होता म्हणाला, तर आदेश देणाऱ्याचं नाव लिहून घ्या.