मुहूर्त नको, भरती-ओहोटी पाहा



भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठला? तलाव पुष्कळ, वैनगंगेची रेतीही पुष्कळ. पण समुद्र पाहायचा तर आडवा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तरीही गेल्या माघ पौर्णिमेला मी एका मंगल परिणयाचे फोटो समुद्राच्या वाळूवर काढून आलो. मुलगी आपल्या भंडाऱ्याची, नोकरी मुंबईला. मुलगा दापोलीकडचा. दोघांनी ठरवले की, कर्ज काढून हजार माणसे जेवू घालायची नाहीत. दोन्हीकडची मिळून पस्तीस माणसे आणि कर्द्याचा किनारा.

नातेवाइकांत कुरबूर झालीच. "पस्तीस माणसांत काय लग्न होते?" असे एक मामा म्हणाले. मला मात्र एक गोष्ट आठवली. बाबासाहेब आणि माता रमाई यांचे लग्न मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, उघड्या शेडमध्ये लागले होते. पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचा दुसरा विवाह झाला, तोही मोजक्या मंडळींसमोर नोंदणी पद्धतीने. माणसे किती आली यावर लग्नाची किंमत ठरत नाही.

आता माझ्या धंद्याचे बोलतो. आपल्याकडे मुहूर्त पाहत नाहीत, याचा फोटोग्राफरला मोठा फायदा आहे. वेळ ठरवण्याआधी तो उजेड पाहून सांगू शकतो. पण किनाऱ्यावर नुसता उजेड पाहून भागत नाही, पाणीही पाहावे लागते. मी वराच्या काकांना फोन करून विचारले, "काका, त्या दिवशी तिथी कोणती?" ते चमकले. "अहो, तुम्ही तिथी कधीपासून पाहायला लागलात?" मी म्हटले, "मुहूर्तासाठी नाही, भरतीसाठी."

कोकणातील लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे संध्याकाळी लग्न ठेवले तर टेबलाखाली पाणी! पौर्णिमेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे. पाणी मागे सरकलेले, ओली वाळू आरशासारखी, पश्चिमेला सूर्य खाली आणि त्याच सुमारास पूर्वेला पूर्ण चंद्र वर. असा दिवस फुकट मिळत असताना रोषणाईवर पैसे कशाला घालायचे?

आणखी एक चूक होता होता राहिली. भंडाऱ्याच्या सवयीने मी पाचची वेळ सांगणार होतो. पण एका रेखांशाला ४ मिनिटे, आणि भंडारा ते दापोली अंतर साडेसहा रेखांशांच्या जवळपास. म्हणजे आपल्याकडे सूर्य बुडाल्यावरही तिकडे जवळजवळ अर्धा तास उजेड असतो. म्हणून साडेपाच ठरवले.

भंडारा रोड स्टेशनवरून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने खेड आणि पुढे गाडीने दापोली असा आमचा प्रवास झाला. नवरीच्या आजी सोबत होत्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. वाळूत उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "रेती तं आपल्या वैनगंगेवानीच हाय, पाणीच लय हाय बाप्पा!"

टेबल उत्तरेच्या अंगाला मांडले. त्यावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. फोटोची काच उन्हात चमकते आणि तिच्यात फोटोग्राफरच दिसतो, म्हणून ती काढून घेतली. वाऱ्यावर मेणबत्ती टिकेना, तेव्हा शेजारच्या घरून कंदिलाच्या दोन काचा आणल्या. वर-वधू टेबलाकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे सूर्य त्यांच्या डाव्या हाताला आला. मंडळी जमिनीच्या बाजूला अर्धगोलात बसली. मी पाण्याच्या बाजूला, दहा-बारा हातांवर गुडघे टेकले, म्हणजे कोणाच्या आड येणार नाही.

आपल्या लग्नातले पांढरे कपडे कॅमेऱ्याला फसवतात. पांढरी साडी, पांढरा कुर्ता आणि त्यात उजळ वाळू पाहून कॅमेरा उजेड कमी करतो. मग साडी मळकी दिसते आणि आपले सावळे चेहरे काळवंडतात. त्यावर काही जण अल्बममध्ये चेहरे पावडर फासल्यासारखे गोरे करून देतात. हा दोष तुमच्या रंगाचा नाही, उजेड मोजण्याचा आहे. पूर्वी कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी जे नमुन्याचे फोटो पाठवी, त्यांत वर्षानुवर्षे गोऱ्या बाईचाच चेहरा असे. मी आधी चेहऱ्यावरचा उजेड मोजतो, पांढऱ्याला साधारण एक स्टॉप जास्त देतो आणि उतरते ऊन पकडतो. त्या उन्हात सावळा चेहरा आणि पांढरी साडी दोन्ही नीट येतात.

पण या कामातली सर्वांत कठीण गोष्ट कॅमेऱ्यात नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका लग्नात प्रतिज्ञा चालू असताना माझा फ्लॅश पेटला नाही. मी बेधडक म्हणालो, "ताई, शेवटचे वाक्य पुन्हा म्हणा." तिने म्हटले. मंडपात हशा झाला, तीही हसली. बौद्धाचार्य मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, "भाऊ, प्रतिज्ञा एकदाच घेतात." तो फोटो सुंदर आला होता, पण त्याच्याकडे पाहिले की मला आजही खाली पाहावेसे वाटते.

कर्द्याला लाउडस्पीकर नव्हता. लाटांच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून त्रिशरण-पंचशील सुरू होताच मंडळी आपोआप जवळ सरकली. नवरी प्रतिज्ञा म्हणू लागली. शेवटच्या प्रतिज्ञेला तिचा आवाज भरून आला आणि नेमका त्याच वेळी वाऱ्याने पदर उडून तिच्या तोंडावर आला. आजी उठल्या, पदर बाजूला केला आणि परत जाऊन बसल्या. तोवर शब्द संपले होते. माझ्याकडे तोंड झाकलेल्या नवरीचा फोटो होता. "पुन्हा" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला.

पुढे जयमंगल अष्टगाथा झाली, फुलांच्या पाकळ्या पडल्या, सूर्य बुडाला. अल्बम देताना मी नवरीच्या वडिलांना स्पष्ट सांगितले, "भाऊ, शेवटच्या प्रतिज्ञेत मुलीचा चेहरा मिळाला नाही." त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "माझ्या मायचा हात तं आलाय ना," ते म्हणाले, "राहू द्या."

तेव्हा लग्न वाळूवर असो की गावच्या विहारात, फोटोग्राफर ठरवताना पैशाआधी तीन गोष्टी बोलून घ्या. विधी चालू असताना तो कोणालाही थांबवणार नाही. चेहऱ्यांचा रंग बदलणार नाही. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचा एक फोटो गर्दी होण्याआधी, निवांत काढील. आजींचा मी तसा काढला होता. पायाला समुद्राचे पाणी लागलेले, चपला हातात. तो आता त्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे.