पिकअप घेण्यापूर्वीं शेतकऱ्यानें करावयाचा विचार

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या भागांतील पुष्कळशा वस्त्यांवर बैलगाडीच्या जागीं पिकअप उभी दिसूं लागली आहे. ही गोष्ट आम्ही इष्ट समजतों. नाशवंत माल वेळेवर बाजारांत नेण्याचें साधन शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातीं असणें म्हणजे भाडोत्री गाडीवाल्याच्या मर्जींतून सुटणें होय. परंतु सभासदांकडून हल्लीं आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यांवरून असें दिसतें कीं, पुष्कळजण गाडीची निवड कामावरून न करितां रूपावरून करतात. उंच बांधणी, रुंद टायर, टपावर लावलेले झोताचे दिवे आणि जाहिरातींतील डोंगरमाथ्यावर चढलेली गाडी यांचा मोह मोठा असतो. कामाची साधी पिकअप साधारणतः दहा लाखांच्या आसपास पडते, आणि हौशीची म्हणून जी समजली जाते ती तिच्या तिपटीपर्यंत जाते. हा पैसा बहुधा कर्जाचा असतो व त्याचे हप्ते पाऊस पडो वा न पडो, भरावेच लागतात. म्हणून या विषयींचें आमचें मत स्पष्टपणें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

पिकअप ही वस्तु शेतकऱ्याच्या गरजेंतूनच वाढली. १९२५ सालीं अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें आपल्या मॉडेल टी मोटारीस मागें मालाची पेटी बसवून ती कारखान्यांतूनच विकावयास काढली. तत्पूर्वीं तेथील कामकरी लोक अशी पेटी बाहेरून करवून मोटारीस जोडीत असत. १९४८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत इंग्रजांची लँड रोव्हर प्रथम मांडली गेली. तीहि युद्धांतील जीपचा कित्ता गिरवून मुख्यतः शेतीच्या कामाकरितां बनविलेली होती, व तिच्या इंजिनावर शेतांतील यंत्रें चालविण्याची सोय होती. पुढें अमेरिकेंत पिकअपला दुसरीं दोन कामें येऊन चिकटलीं: हरणाच्या शिकारीस जाणें आणि मागें ट्रेलर जोडून तो रानांतून ओढणें. तेथें परवाना घेऊन ठराविक हंगामांत शिकार करणें कायदेशीर असल्यामुळें तेथील माणसानें असा विचार करणें साहजिक आहे.

आपल्याकडे तशी स्थिति नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी केलेली आहे; आणि त्या कायद्यांतील शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नसून प्राण्याचा पाठलाग करणें, त्यास हांकून नेणें, सांपळा लावणें यांचाहि तींत समावेश होतो. गुन्ह्यांत वापरलेलें वाहन जप्त झाल्यास तें सरकारजमा होतें. रानडुकरें व नीलगाई पिकांची जी नासाडी करतात, तिचें दुःख आम्ही जाणतों. तथापि रात्रीं झोताचा दिवा लावून गाडीनें डुकरामागें धांवणें हा त्यावरील उपाय नव्हे. शेताची राखण करावी, कुंपण मजबूत करावें, आणि नुकसान होतांच वनखात्याकडे वेळेंत अर्ज करून भरपाई मागावी. ज्यानें शिकारीच्या हौसेनें गाडी घ्यावयाचें योजिलें असेल, त्यानें ती हौस येथेंच सोडून द्यावी. दहा लाखांची गाडी आणि घराची अब्रू एका रात्रींत घालविण्याचा तो सोपा मार्ग आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. गाडीची निवड वर्षांतील चांगल्या दिवसावरून न करितां अत्यंत वाईट दिवसावरून करावी, असें आमचें ठाम मत आहे. माघ-फाल्गुनांत कोणतीहि गाडी बांधापर्यंत जाते. परीक्षा होते ती आषाढांत आणि परतीच्या पावसांत. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव सर्वांस ठाऊक आहे. तिच्यांतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षींत भरून बसते, आणि मग चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागीं घसरूं लागतें.

गतवर्षीं परतीच्या पावसांत आमच्या एका सभासदाची नवी पिकअप टोमॅटोच्या क्रेटांसह सडकेपासून दोन फर्लांगांवर रुतली. ओढ मागच्या दोन चाकांची, टायर डांबरी सडकेचे, आणि भरलेला माल नेमून दिलेल्या वजनापेक्षां बराच अधिक. चाकें फिरवून फिरवून गाडीनें स्वतःस आंसापर्यंत पुरून घेतलें. ट्रॅक्टर येऊन ती निघेपर्यंत बाजारांतील लिलाव आटोपला होता, व दुसऱ्या दिवशीं नरमलेला माल निम्म्या भावानें द्यावा लागला. ते गृहस्थ आम्हांस म्हणाले, "चार चाकांच्या ओढीचीच गाडी घ्यावयास हवी होती." आम्ही जागा पाहिली व गाडीहि पाहिली. आमचा समज असा झाला कीं, तोच माल दोन खेपांत नेला असता व टायर चिखलाचे असते, तर तीच गाडी स्वतःच्या बळावर बाहेर पडली असती. दोष गाडीचा थोडा व भरण्याचा अधिक होता.

याचा अर्थ चार चाकांची ओढ निरुपयोगी आहे असा कोणी घेऊं नये. मागच्या दोन चाकांवर चालणारी पिकअप रिकामी असतां मागून हलकी असते. म्हणून शेताकडे जातांना ती चिखलांत अडते, आणि बेताचा माल भरून परततांना मात्र निघून येते, हा अनुभव पुष्कळांस असेल. चारी चाकांस जोर मिळाल्यानें ही अडचण बरीच दूर होते. परंतु त्याहून मोठा गुण अशा गाडीसोबत येणाऱ्या मंद गिअरांत आहे. त्या गिअरांत इंजिन वेगानें फिरत असतां चाक अगदीं सावकाश फिरतें. क्लच न जाळतां ओढ्याचा चढ चढतां येतो व उतारावर ब्रेकवर सर्व भिस्त न ठेवतां गाडी आवरतां येते. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न हा करावा कीं, या गाडीस मंद गिअर आहे किंवा नाहीं. दुसरा प्रश्न डिफरन्शिअलचा करावा. साध्या डिफरन्शिअलमध्यें ज्या चाकाची पकड सुटते तेंच फिरत राहतें व जोडीचें चाक स्वस्थ बसतें. दोन्ही चाकें एकत्र जखडण्याची सोय असल्यास गाडी पुष्कळ प्रसंगीं तरून जाते.

येथें एक सावधगिरी सांगणें जरूर आहे. अशा बहुतेक पिकअपांत पुढच्या व मागच्या आंसांच्या वेगांतील फरक सामावून घेणारी योजना नसते. कोरड्या डांबरी सडकेवर चारी चाकें जोडलेलीं ठेवून वळणें घेतल्यास आंतील यंत्रावर ताण पडतो व टायर झिजतात. चिखल संपतांच दांडा मागें घ्यावा. तसेंच मऊ जमिनींत टायरमधील हवा थोडी कमी केल्यास टायर पसरून पकड वाढते. परंतु सडकेवर येतांच हवा पूर्ववत् भरावी. याकरितां एक लहान पंप, एक फावडें व दोन जाड फळ्या गाडींत नित्य असाव्यात. या चार वस्तूंची किंमत झोताच्या दिव्यांपेक्षां कमी आहे व उपयोग कितीतरी अधिक आहे.

ट्रेलर ओढण्याच्या बाबतींत तर आमच्या लोकांची समजूत फारच चुकीची आहे. इंजिनाची ताकद किती, एवढेंच सारे विचारतात. थांबण्याचें सामर्थ्य किती, हें कोणी विचारीत नाहीं. भरलेला ट्रेलर चढावर ओढतां आला नाहीं तर गाडी थांबते. उतारावर आवरतां आला नाहीं तर माणूस दगावतो. म्हणून स्वतःचे ब्रेक नसलेला जड ट्रेलर पिकअपच्या मागें कदापि जोडूं नये. दुसरें असें कीं, ट्रेलरचा कांहीं भार जोडदांड्यावाटे गाडीवरच येतो, व तो एकंदर वजनाच्या सुमारें दहावा हिस्सा असावा लागतो. समजा, गाडीची भार वाहण्याची मर्यादा १,३०० किलो आहे व ट्रेलर मालासह १,५०० किलोचा आहे. दांड्यावर १५० किलो आले. चालक व दोन माणसें मिळून २०० किलो धरले, तर मागच्या पेटींत ९५० किलोच माल भरतां येईल, म्हणजे २५ किलोचें एक याप्रमाणें ३८ क्रेटें. हा हिशेब न करितां पेटीहि भरावयाची व ट्रेलरहि भरावयाचा, हा दुहेरी लोभ पाटे व आंस मोडण्यास कारण होतो.

जोडणीचा आंकडा गाडीच्या मूळ सांगाड्यास बसविलेला असावा, पत्र्याच्या बंपरास नव्हे. रुतलेली गाडी ओढून काढतांना साखळी ट्रेलरच्या गोळ्यास लावूं नये. झटका बसून तो गोळा तुटल्यास तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. परदेशच्या जाहिरातींत एखाद्या गाडीची ओढ ३,५०० किलो दिलेली दिसली, म्हणून त्याच नांवाची येथील गाडी तितकें ओढील असें मानूं नये. येथील गाडीच्या पुस्तिकेंत जें छापलें असेल तेंच प्रमाण. शिवाय ट्रेलरचीहि नोंदणी करावी लागते. आमच्या मतें शेताच्या आंतील जड ओढ ट्रॅक्टरकडेच राहूं द्यावी, व पिकअपनें सडकेपर्यंतचा आणि सडकेवरचा माल वाहावा.

बाजारांतील गाड्यांविषयीं दोन शब्द. महिंद्रांची बोलेरो पिकअप आपल्या खेड्यापाड्यांत सर्वत्र आहे, व तिचा मोठा गुण असा कीं तिचे सुटे भाग व ती दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गांवीं मिळतो. टाटांनीं २०१७ सालीं योद्धा आणली, व तींत चार चाकांच्या ओढीचाहि प्रकार ठेवला. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्यें व टोयोटाची हायलक्स २०२२ मध्यें येथें आली. या दोन्ही दणकट व समर्थ गाड्या आहेत. परंतु ज्याला रोज पहांटे भाजी किंवा दूध न्यावयाचें आहे, त्याला तितक्या किमतीचें सामर्थ्य क्वचितच लागतें. सुगीच्या दिवसांत गाडी बंद पडली तर ती किती तासांत चालूं होईल, हा प्रश्न आम्ही इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षां अधिक महत्त्वाचा मानतों.

कायद्याच्या कांहीं गोष्टीहि घेण्यापूर्वींच पाहाव्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें भारासह एकंदर वजन ३,००० किलोपेक्षां अधिक नसलेल्या मालगाडीस परमिट लागत नाहीं, त्यापुढें लागतें. ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनास हलक्या मोटारीचा परवाना पुरतो, हें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें पुन्हां स्पष्ट केलें आहे. परंतु मालाच्या पेटींत मजूर बसवून नेण्याची जी सर्रास चाल पडली आहे, ती अत्यंत निंद्य आहे. कायद्यास ती मान्य नाहीं, आणि अपघात झाल्यास विमाकंपनी जबाबदारी नाकारूं शकते. ज्या बायाबापड्या आपल्या शेतांत घाम गाळतात, त्यांस क्रेटांप्रमाणें भरून नेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

शेवटीं मुळाची गोष्ट. आम्ही जितक्या फसलेल्या गाड्या पाहिल्या, त्यांतील बहुतेक गाडीच्या दोषानें न फसतां रस्त्याच्या अभावीं फसल्या. शेजाऱ्यानें बांध रेटून पाणंद अर्धी केली, चर बुजविले, पाणी रस्त्यांतच मुरूं लागलें. मग कोणती गाडी चालणार? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणें बांधावरून रस्ता मिळण्यासाठीं तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो. असलेला रस्ता अडविला गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ प्रमाणें दाद मागतां येते. २०२१ सालीं राज्य सरकारनें मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेखालीं शेतरस्त्यांचें काम रोजगार हमीशीं जोडलें. चार चाकांच्या ओढीकरितां जे वाढीव लाख दोन लाख एकेका शेतकऱ्यास मोजावे लागतात, तितकेच दहाजणांनीं एकत्र केले, तर मुरूम टाकून व दोन्ही बाजूंस चर काढून पाणंदीचा वाईट तुकडा बारमाही करतां येईल, व त्यावरून विधवेची बैलगाडी आणि शाळेचीं मुलेंहि जातील.

सारांश, आमचा सल्ला असा. वाटेंत ओढा किंवा मोठा चढ असेल व पावसाळ्यांत रोज माल काढावाच लागत असेल, तर मंद गिअर असलेली चार चाकांच्या ओढीची साधी पिकअप घ्यावी. शक्य तर दोघां-तिघां भाऊबंदांनीं मिळून घ्यावी. तसें नसेल तर दोन चाकांची घ्यावी, टायर चांगले घालावे, व भार मर्यादेंत ठेवावा. कोणतीहि घेतांना ती प्रथम आपल्या पाणंदींतून, पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं, अर्धा माल भरून चालवून पाहावी. जो विक्रेता यास कबूल होणार नाहीं, त्याच्या दुकानाची पायरी चढूं नये. गाडी दारांत शोभून दिसावी असें कोणास वाटत नाहीं? पण शेतकऱ्याच्या दारांतील खरी शोभा म्हणजे कर्ज फिटलेली गाडी, असें आम्हांस वाटतें.