सवय होते, मॅडम!

गेल्या शनिवारी मी चुकीच्या मानपाड्यात जाऊन पोचले. चूक माझी नव्हती बरं का! मैत्रिणीचा मेसेज आला, 'मानपाड्याला ये, फ्लॅट बघायचाय.' मी कॅब बुक केली, मोबाइलने स्वतःच्या हुशारीने घोडबंदर रोडवरचा मानपाडा निवडला आणि मॅडम उभ्या होत्या डोंबिवलीच्या मानपाड्यात. ठाणेकर आणि डोंबिवलीकरांना हा घोळ नवा नाही. एका मानपाड्याच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्याच्या जवळ केमिकलचे कारखाने. नाव मात्र एकच.

मग काय, पुन्हा कॅब, मुंब्रा बायपास, शिळफाटा आणि ट्रॅफिकच ट्रॅफिक. सुदैवाने बॅगेत डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा होत्या. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हापासून 'परत वाचायचंय' म्हणत होते. ट्रॅफिकने तो योग आणला!

मराठीत भविष्याची स्वप्नं (आणि दुःस्वप्नं) बघायची सवय लावली ती बऱ्याच अंशी या माणसाने. सुरुवातीचा किस्साही भारी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलटी वाचायची आहेत. ज. वि. ना.! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली होती मंगलाताईंनी. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण बक्षीस नावावर नको, कथेवर हवं.

तर मुंब्र्याच्या जॅममध्ये मी वाचत होते 'हिमप्रलय'. मुंबईत बर्फ पडतो! मुलं खूश, मोठे हैराण. वसंत चिटणीस नावाचा शास्त्रज्ञ आधीपासून सांगत असतो, की हिमयुग येतंय. कोणी मनावर घेत नाही. ज्वालामुखींची धूळ आभाळात साचते, सूर्याची ऊब कमी पोचते, समुद्र थंड होतात आणि एक दिवस मुंबई पांढरी होते. मग मात्र सगळे वसंतकडे धावतात.

आता गंमत बघा. किम स्टॅन्ली रॉबिन्सन या अमेरिकन लेखकाची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' ही कादंबरी २०२० मध्ये आली. ती सुरू होते उत्तर प्रदेशातल्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेने. त्यानंतर त्या कादंबरीतला भारत काय करतो? विमानं पाठवून आभाळात मुद्दाम धूळ सोडतो, ऊन अडवायला! कल्पना हवेतली नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा वर गेलेल्या गंधकाच्या कणांमुळे पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं होतं. म्हणजे आपल्या लेखकाच्या कथेत धूळ हा व्हिलन आणि त्यांच्या कादंबरीत तीच धूळ हीरो. काही दशकांत माणसाची भीती थंडीवरून थेट उन्हावर आली.

एवढं सगळं डोक्यात घेऊन एकदाची डोंबिवलीच्या मानपाड्यात उतरले. मैत्रिणीला आईच्या जवळ घर हवंय, कारण तिला नोव्हेंबरमध्ये बाळ होणार आहे. आधी काकूंकडे चहा झाला. काकूंनी खिडकी उघडली, नाक जरा वर केलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "आज वास कमी आहे हो. बरा दिवस आहे."

आपण जसं 'आज ऊन कमी आहे' म्हणतो ना, अगदी तसं.

मी चमकले. त्या दोघी नाही चमकल्या.

डोंबिवलीचा इतिहास माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता चक्क गुलाबी झाला, तो बघायला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः आले. २६ मे २०१६ ला एका केमिकल कंपनीत स्फोट झाला, बारा माणसं गेली आणि कितीतरी इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला पुन्हा एका कंपनीत स्फोट, पुन्हा दहाहून जास्त बळी. त्याचा गुन्हा नोंदवला गेला तो याच मानपाडा पोलीस ठाण्यात.

हिरवा पाऊस, गुलाबी रस्ता. १९७४ मध्ये कोणी स्पर्धेला हे लिहून पाठवलं असतं, तर परीक्षक म्हणाले असते, कल्पना छान आहे पण अंमळ जास्तच होतंय!

आणि तिथेच मला वाटलं, आपल्या लेखकांचा अंदाज चुकला तो वेगळ्याच ठिकाणी. विज्ञान नाही चुकलं. चुकला तो माणसाच्या आश्चर्याचा हिशोब. 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो आणि जग खडबडून जागं होतं. आपल्याकडे रस्ता गुलाबी होतो, आपण फोटो काढतो, फॉरवर्ड करतो, चार दिवस हळहळतो आणि सोमवारी सकाळची ८.१२ पकडतो. भविष्य आलं तेव्हा त्याने ढोल नाही वाजवले. ते हप्त्याहप्त्याने आलं, होम लोनसारखं. आणि हप्त्यांची आपल्याला सवय असते.

अमिताव घोष यांनी २०१६ मध्ये 'द ग्रेट डिरेंजमेंट' या पुस्तकात गंभीर साहित्याला हाच टोमणा मारला होता. हवामानाचं एवढं मोठं संकट दारात आहे आणि कादंबऱ्यांमध्ये ते दिसतच नाही! मुंबईवर मोठं चक्रीवादळ आलं तर काय होईल, याबद्दलही त्यांनी त्यात सविस्तर लिहिलंय. मराठीत मात्र एक अपवाद मला ठळक आठवतो. सुबोध जावडेकर. पेशाने केमिकल इंजिनीअर, लिखाण विज्ञानकथांचं. पण भोपाळवर 'आकांत' लिहिताना त्यांना ना धूमकेतू लागला ना परग्रहवासी. एक कारखाना, एक रात्र आणि शेजारी झोपलेली माणसं, एवढं पुरलं. डोंबिवलीत बसून वाचायला यापेक्षा जवळचं भविष्य कोणतं?

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर एसी ऑफिसात बसतो, आम्हाला काय त्याचं? थांबा. नारळीकरांची 'वामन परत न आला' वाचा. जुन्या, नष्ट झालेल्या एका संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून वामन नावाचा अतिशय हुशार यंत्रमानव बनतो. मालकांची सगळी कामं तो चुटकीसरशी करतो. मग त्याला एक गोष्ट हवी असते, स्वतःसारखे आणखी वामन बनवायची क्षमता. पुराणातल्या वामनाने मागितलेली तीन पावलं आठवतात ना? ऐंशीच्या दशकातली ही कादंबरी आहे, बॉस! तेव्हा आपल्याकडे टेलिफोनसाठी वेटिंग लिस्ट असायची.

माझ्या छोट्याशा धंद्यात वामनाचं पहिलं पाऊल पडलंय. एक क्लायंट हल्ली मशिनने लिहिलेला मजकूर पाठवतो आणि सांगतो, "यावर जरा माणसाचा हात फिरवून द्या." रेट निम्मा. पहिल्यांदा मी दोन दिवस चिडले होते. दुसऱ्यांदा दोन तास. परवा मुकाट्याने करून पाठवला. काकूंना मी कोणत्या तोंडाने हसू?

असो. चहानंतर फ्लॅट बघितला. सोळावा मजला, हवेशीर, मॉड्युलर किचन, समोर लांबवर डोंगर. सगळं छान. निघताना मैत्रिणीने ब्रोकरला वासाचं विचारलं. तो गोड हसला आणि म्हणाला, "सवय होते, मॅडम."

मी आजवर वाचलेल्या विज्ञानकथांमध्ये इतकं भीतीदायक वाक्य नाही.

परत आलो तर मैत्रीण काही बोलेना. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिच्यापुढे ठेवलं. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी काही तारखांवर बारीक अक्षरात 'वा' लिहिलेलं. वा म्हणजे वास. काही ठिकाणी वेळही होती, 'रात्री २', 'पहाटे ४'. मागच्या वर्षांची कॅलेंडरंही माळ्यावर होती. काकू म्हणाल्या, "सवय झाली गं. पण लिहून ठेवते. उद्या कोणी विचारलं तर?"

'हिमप्रलय'मधला वसंत चिटणीस दुसरं काय करत होता? बघत होता, मोजत होता, लिहून ठेवत होता. कोणीतरी विचारेल म्हणून.

मैत्रिणीने टोकन अजून दिलेलं नाही. दोघी मिळून तीन वर्षांचे 'वा' मोजताहेत. बाळाच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला येते, हे बघून ठरवणार आहे म्हणाली. मी काही सल्ला दिला नाही. फक्त घरी आल्यावर क्लायंटला मेल टाकला: हात पूर्ण फिरेल, पण रेटही पूर्ण लागेल. उत्तर यायचंय.

ता. क. : या वीकेंडला नारळीकर वाचा, जावडेकर वाचा. आणि मानपाड्याला जाणार असाल, तर कॅब बुक करण्याआधी कोणतं मानपाडा ते विचारून घ्या. मशिनला सगळंच कळत नाही!