दुर्मिळ समस्थानिके आणि आपण डॉक्टर

काचीगुड्यातील मंडळींना ई.सी.आय.एल. चौरस्ता बसच्या पाटीवरून परिचित असतो. १९६७ साली स्थापन झालेल्या त्या सरकारी कंपनीने जर्मनीतील डार्मस्टाट येथील 'फेअर' या त्वरक प्रकल्पासाठी वीजरूपांतरक बनविले आहेत, हे मात्र थोड्यांनाच ज्ञात असावे. २०१० साली प्रकल्पाचा करार झाला तेव्हा भारत संस्थापक सदस्यांत होता. आपल्या वाट्याचा मोठा भाग आपण यंत्रसामग्रीच्या रूपाने उचलला आहे.

जड अणुकेंद्रके प्रचंड वेगाने लक्ष्यावर आदळवायची आणि उडालेल्या तुकड्यांतून हवा तो तुकडा चुंबकांनी वेचायचा, हे या यंत्रांचे काम. विद्युत्प्रवाह किंचित ढळला तरी निवड चुकते; हैदराबादी रूपांतरकांचे मोल ते हेच. निसर्गात स्थिर समस्थानिके अडीचशेच्या आसपास आहेत. प्रयोगशाळांत तीन हजारांहून अधिक ज्ञात झाली आहेत आणि सिद्धान्तानुसार सुमारे सात हजार संभवतात. सोन्यासारखी मूलद्रव्ये विश्वात कशी घडली, याचा उलगडा या अल्पायुषी केंद्रकांतून होतो.

डॉक्टरांचा यात संबंध काय? अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात 'फ्रिब' हे केंद्र मे २०२२ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले. तेथे झोताचा न वापरलेला भाग पाण्यात शोषला जातो आणि त्या पाण्यात साठलेली, वैद्यकाला उपयुक्त समस्थानिके वेगळी काढण्याचे तंत्र विकसित होत आहे. मुख्य प्रयोग न थांबविता मिळणारे हे उपपीक आहे! प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात आशादायक ठरलेल्या ॲक्टिनियम-२२५ चा अर्धायुकाल जेमतेम दहा दिवस आणि जगातील पुरवठा अत्यंत तुटपुंजा. ल्युटेशियम-१७७ आपण तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीत तयार करतो. ॲक्टिनियमसाठी मात्र आपले रुग्ण परदेशाकडे डोळे लावून बसतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील क्ष-किरण यंत्र बंद असताना हे चोचले कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप पोकळ नाही. त्वरकावरचा प्रत्येक रुपया रुग्णाच्या नावाने मागणे मलाही अप्रामाणिक वाटते. परंतु यंत्र भौतिकशास्त्रासाठी उभारायचेच असेल, तर त्याच्या आराखड्यात वैद्यकाची खिडकी आरंभीच ठेवावी, एवढेच माझे म्हणणे. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्राने 'अनुरिब' या राष्ट्रीय सुविधेची योजना आखली आहे. असे यंत्र एकदा सुरू झाले, की किरणोत्सारी झालेल्या भागात नवी नळी बसविणेदेखील महाकठीण. भिंतीतले नळ घर बांधतानाच टाकतात, हे कोणताही गवंडी सांगेल.

तेव्हा आपल्या संस्थेने अणुवैद्यक व कर्करोगतज्ज्ञ सभासदांची छोटी समिती नेमून, कोणती समस्थानिके, किती प्रमाणात आणि किती तासांत रुग्णालयापर्यंत पोहोचावयास हवीत, याचे टिपण अणुऊर्जा विभागाकडे धाडावे. भौतिकशास्त्रज्ञांना हे आकडे आपल्यावाचून कोण देणार?