उजेड, आवाज आणि सोबत



"जेवण झाल्यावर सारसबागेत चक्कर मारू या का?" असं मेसमध्ये कुणी नुसतं विचारलं, तरी टेबलावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "त्यात काय एवढं?" दुसरा म्हणतो, "वेड लागलंय का तुला?" पहिला पक्ष बहुतेक मुलांचा आणि दुसरा मुलींचा, हे वेगळं सांगायला नको. मला मात्र दोन्ही पक्ष चुकतात असं वाटतं.

मी शिरूर तालुक्यातली, माझी रूममेट दौंडची. अंधाराशी आमची ओळख काही पुण्यात आल्यावर झालेली नाही. आमच्याकडे अंधार म्हणजे ऊस, आणि उसात बिबट्या. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. हल्ल्याला रात्रच लागते असंही नाही. म्हणून घरची शिकवण ठरलेली: बॅटरी घे, एकटी जाऊ नकोस, मोठ्यानं बोलत चल, नाहीतर मोबाईलवर गाणी लाव. उसाच्या कडेला वाकून बसू नकोस. थोडक्यात काय, तर उजेड, आवाज आणि सोबत.

आता यातली गंमत बघा. रात्रीच्या थ्री-फेज लाईटवर दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला कुणी "घरी बस, शेती सोड" असं सांगत नाही. उलट "आम्हाला दिवसा वीज द्या" ही मागणी गावंच्या गावं करतात. म्हणजे माणसाला कोंडायचं नाही, व्यवस्था बदलायची. मग पुण्यात रात्री फिरायला निघालेल्या मुलीलाच "घरी बस" का?

धोका नाहीच, असं मी मुळीच म्हणत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बोपदेव घाटात रात्री मित्राबरोबर गेलेल्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. टेकडीवर फिरायला गेलेल्यांना लुटल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. पण 25 फेब्रुवारी 2025 ची स्वारगेटची घटना आठवा. ती ना टेकडीवर घडली, ना बागेत. पहाटे गजबजलेल्या बसस्टँडवर, एका उभ्या, अंधाऱ्या एसटीत घडली. त्यातला संशयित सापडला तो आमच्याच तालुक्यातल्या गुनाटमध्ये. पोलिसांबरोबर गावकरीही शोधाला उतरले होते. ते वाचून मान खाली गेली आणि थोडी वरही आली.

यातून मला कळलं ते एवढंच: धोका घड्याळात नसतो, जिथे कुणाचं लक्ष नाही त्या कोपऱ्यात असतो. दिवाळीच्या पहाटे उजाडायच्या आत याच सारसबागेत हजारो लोक जमतात. लहान मुलं, आजीआजोबा, नटूनथटून आलेल्या मुली. अंधार तोच, पण भीती नाही, कारण माणसं आहेत. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेनं 1961 च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं आहे. रस्ता सुरक्षित ठेवतात ते तिथे सहज वावरणाऱ्या माणसांचे डोळे. बागही तशीच, आजूबाजूला वर्दळ असेल तर ती जगते, नसेल तर ओस पडते. आपण घाबरून जाणं सोडलं की बाग आणखी ओस पडते, आणि मग खरंच धोकादायक होते.

म्हणून जा, पण डोकं ठेवून जा. बाग बंद झाल्यावर भिंतीवरून उडी मारण्यात मर्दुमकी नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्कसुद्धा रात्री 1 ते सकाळी 6 बंद असतं. बंद बागेत तुम्हाला बघणारं कुणीच नसतं. निघण्याआधी परतीचं ठरवा: शेवटची बस कोणती, रिक्षाला पैसे आहेत का, मोबाईल चार्ज आहे का. कुठे जातोय हे हॉस्टेलवर एकाला तरी सांगा. मुख्य वाट सोडून शॉर्टकट घेऊ नका. मोबाईलचा टॉर्च पायाशी धरा, कारण डोळे अंधाराला पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका झगझगीत उजेडानं ती सगळी कमाई जाते. कानात इअरफोन नकोत. कुणी चाकू दाखवून मोबाईल मागितला तर देऊन टाका. मोबाईल परत घेता येतो. कुणी "मी पोलीस आहे, पैसे काढा" म्हणून जोडप्याला दमात घेतलं, तर ओळखपत्र मागा, 112 लावा आणि "चला चौकीवर" म्हणा. खोटा असेल तर बहुधा तिथूनच सटकेल. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. आणि पोरांनो, हे सगळं तुम्हालाही लागू आहे. लुटणारा आधी जेंडर विचारत नाही!

आता थोडं सर आणि मॅडमसाठी. गेटची वेळ लवकर केली की जबाबदारी संपली, असं कृपया समजू नका. मुलींचं गेट मुलांच्या आधी बंद होतं, म्हणजे उशीर झालेली मुलगी गेटबाहेर उभी राहते. हे तिच्या सुरक्षिततेसाठी कसं, ते मला अजून कळलेलं नाही. वेळ दोघांनाही एकच ठेवा, आणि उशीर झाला तर आधी आत घ्या, प्रश्न मग विचारा. दुसरं म्हणजे, आपण इंजिनिअरिंग कॉलेज आहोत ना? इलेक्ट्रिकलच्या पोरांना लक्स मीटर द्या आणि गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा उजेड मोजायला सांगा. एकच प्रखर दिवा लावला की डोळे दिपतात आणि पलीकडचा काळोख जास्तच गडद होतो. हवा तो सारखा पसरलेला उजेड. कुठे दिवा नाही, कुठे फांदी आड येते, याचा नकाशा करून महापालिकेला देऊ. ऑफिसमध्ये धूळ खात पडणाऱ्या मिनी प्रोजेक्टपेक्षा तो नक्कीच उपयोगी पडेल.

शनिवारी रात्री आठ-दहा जणांनी मिळून चक्कर मारायची, रजिस्टरमध्ये नावं लिहून जायचं, ठरल्या वेळी परतायचं. रेक्टर मॅडमही आल्या तर उत्तमच! बिबट्याच्या गावात आम्ही जे शिकलो, तेच शहरातही चालतं. उजेड, आवाज आणि सोबत. यातला उजेड महापालिका देईल तेव्हा देईल. आवाज आणि सोबत तर आपल्याच हातात आहे ना?