पोट्ट्यांना पत्ता विचारू नका!

मिहानभोवती राहणाऱ्या बंधू-भगिनींनो,

गेल्या रविवारी संध्याकाळी वर्धा रोडजवळच्या एका वसाहतीच्या बागेतून चार पोट्टे हाकलले गेले. वय नऊ ते बारा. जवळ एक बॅट आणि एक टेनिसचा चेंडू.

"राहता कुठं बे?" गार्डनं विचारलं.

"पुनर्वसनात."

"मंग तिकडंच खेळा."

चेंडू जप्त. दारावर पाटी: 'फक्त रहिवाशांसाठी'. त्याच वेळी पुण्याहून सुट्टीत मामाकडे आलेला एक भाचा घसरगुंडीवर होता. रहिवासी तोही नव्हता. त्याला कुणी पत्ता विचारला नाही. त्याचे बूट पाहूनच सगळ्यांची खात्री पटली होती.

गार्डवर राग नाही. तो मला हळूच म्हणाला, "माहा पोट्टाबी इथं चालत नाही, भाऊ."

राग त्या प्रश्नावर आहे. जात विचारणं आता असभ्य समजतात, म्हणून पत्ता विचारतात. नागपुरात वस्तीचं नाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही, ऐकणारा आडनावाचा अंदाज मनातच बांधतो. मिहानभोवती 'पुनर्वसन' हा शब्द त्याच कामाला लागला आहे. मिहानच्या विमानतळ प्रकल्पासाठी ज्यांनी घरं सोडली, त्यांच्या वस्तीचं नाव आता शिवीसारखं घेतलं जातं.

मिहान चार हजार हेक्टरांहून मोठं आहे. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी इथली वावरं त्यात गेली. पऱ्हाटी उपटली की त्याच वावरांत पोट्ट्यांचं उन्हाळाभर क्रिकेट चालायचं. जमीन घेताना सरकारी कागदावर शब्द होते 'सार्वजनिक प्रयोजन'. प्रकल्प आला, आजूबाजूच्या लेआउटचे भाव चढले आणि मोकळ्या जागेवर शब्द आला 'खासगी'. जवळच जामठ्याच्या स्टेडियमात ४५ हजार माणसं बसतात. चार पोट्ट्यांना मात्र झोक्याजवळ उभं राहायला जागा नाही.

यावर ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

"बाग खासगी आहे." हे वाक्य फार जुनं आहे. महाडला १९२७ साली डॉ. आंबेडकरांसह दलितांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर विरोधक कोर्टात गेले आणि तळं स्पृश्यांच्या खासगी मालकीचं असल्याचं सांगू लागले. खटला जवळपास दहा वर्षं चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टात ते हरले. तुम्ही म्हणाल, तळं नगरपालिकेचं निघालं, आमची बाग सोसायटीची आहे. मान्य. पण मोठा लेआउट मंजूर व्हायला दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. ती कुणाची मेहरबानी नाही. कुलूप लावायचा हक्क असेलही, पण लावताना कोणाच्या रांगेत उभे राहता ते पाहा. अमेरिकेतल्या जॅक्सन शहरानं गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र पोहू द्यावं लागेल म्हणून आपले सार्वजनिक पोहण्याचे तलावच बंद करून टाकले. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते कायदेशीर ठरवलं. कायदेशीर झालं, तरी लाज काही झाकली गेली नाही.

"मेंटेनन्स आम्ही भरतो." भरता, आणि भरलाच पाहिजे. पण नऊ वर्षांचा पोरगा तासभर झोक्यावर बसला तर झोका किती रुपयांनी झिजतो, याचा हिशेब एकदा नोटीस बोर्डावर लावा.

"सुरक्षेचा प्रश्न आहे." वा! आई सकाळी सात वाजता तुमच्या स्वयंपाकघरात भांडी घासते, तेव्हा सुरक्षा शाबूत असते. तिचा पोरगा संध्याकाळी पाच वाजता झोक्यावर बसला की तीच सुरक्षा धोक्यात येते!

"तुम्ही उगाच जात आणता." दलित गोलंदाज पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात क्लबाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. बाळूंनी जात आणली नव्हती. ती त्या भांड्यात आधीपासूनच होती, तशी ती तुमच्या पाटीत आहे.

तान्ह्या पोळ्याला सजवलेला लाकडी नंदी घेऊन पोट्टे दारात आले की तुम्ही कौतुकानं बोजारा देता. त्या दिवशी कुणी पत्ता विचारत नाही. म्हणजे न विचारणं तुम्हाला जमतं.

मागणं मोठं नाही. ती पाटी काढा. संध्याकाळी चार ते सात बागेचं दार सगळ्या मुलांसाठी उघडं ठेवा. पुनर्वसन वस्त्यांना स्वतःचं सपाट मैदान मिळावं म्हणून आमच्यासोबत अर्जावर सही करा. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत एकानं तरी उठून हा विषय काढा.

आणि तो चेंडू अजून गार्डच्या खोलीत, खिडकीत पडून आहे. सुरुवात तो परत देण्यापासून करा.

— चिंचभवनचा एक रहिवासी

(वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या.)