पाखरे दुसरीकडे जातात म्हणे!

शहाण्या माणसांच्या तोंडी एक वाक्य कायमचे बसलेले आहे. खाडी बुजवायची असो, खारफुटी तोडायची असो, की समुद्राला भिंत घालायची असो, कुणी पाखरांचे नाव काढले, की ते वाक्य तयारच असते : "अहो, पाखरांना पंख आहेत. ती जातील दुसरीकडे!" बोलणाऱ्याचे समाधान होते, ऐकणाऱ्याचेही होते आणि विषय मिटतो. इतके आळशी वाक्य मराठीत दुसरे नसेल असे माझे मत आहे. ऐन दिवाळीत हे तिखट बोलणे कशाला, असे कुणी म्हणेल. पण फराळाच्या ताटात चिवडाही असतोच की!

मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मुलांना पाढे आणि गणिते शिकवते, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. परंतु वजाबाकी कशाला म्हणतात, एवढे मला कळते. गेल्या मे महिन्याच्या सुटीत धाकट्या भावाकडे दक्षिण कोरियात राहण्याचा योग आला. त्याने राजवाड्यांची यादी काढून ठेवली होती. मी हट्टाने पश्चिम किनाऱ्यावर ग्यूम नदीच्या मुखाशी गेले. तिथे काही मंडळी दुर्बिणी लावून पाखरे मोजत उभी होती. त्यांच्यात जाऊन मीही उभी राहिले.

ओहोटीच्या वेळी तिथला चिखल क्षितिजापर्यंत पसरलेला असतो. पाखरे त्यात ठिपक्यांसारखी विखुरलेली असतात. ती मोजता येत नाहीत. मोजायची ती भरतीला. पाणी चढू लागले, की ती मागे सरत सरत उरल्यासुरल्या वाळूवर दाटीने येऊन बसतात. मग आधी दहा पाखरे मोजायची, दहांचा तो ठोकळा डोळ्यांत पक्का करायचा, त्याने शंभर मापायचे आणि शंभराने हजार. एवढ्यात एखादा ससाणा वरून जातो, सारा थवा आभाळात उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! ऊन, वारा, भिजलेले पाय आणि वहीत एक आकडा. पण हा आकडा कुणाच्या तोंडावर फेकून मारता येतो, आणि "जातील दुसरीकडे" हे वाक्य त्यापुढे टिकत नाही.

त्या थव्यात मला एक पाखरू दाखवण्यात आले. इंग्रजीत त्याला ग्रेट नॉट म्हणतात. आपल्या तुतवाराच्या कुळातले, पारव्याहून लहान, करडे. रस्त्यात भेटले तर कुणी वळून पाहणार नाही. पण त्याच्या पायात पिवळी पट्टी होती, आणि ती ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर अडकवलेली होती. तिथून निघून हे जीव पाच हजारांहून अधिक किलोमीटर समुद्र न थांबता ओलांडतात. वाटेत अन्न नाही, पाणी नाही. अंगातली चरबी जळते. आतडी, यकृतसुद्धा झिजून आक्रसतात. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा मेंदू आणि फुप्फुसे तेवढी न झिजलेली आढळली. असा अर्धा झालेला जीव या चिखलात उतरतो, शिंपल्या कवचासकट गिळतो, काही आठवड्यांत पुन्हा भरतो आणि अंडी घालायला सैबेरियाकडे उडतो. या प्रवाशाला वाटेत खाणावळ एकच, आणि ती म्हणजे हा पिवळ्या समुद्राचा चिखल.

या जागेच्या थोडे दक्षिणेला सेमानग्यूम आहे. १९९१ साली तिथे समुद्राला भिंत घालायला घेतली. भातशेतीसाठी जमीन हवी, असे कारण सांगितले गेले. २००३ साली बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मगुरू तीन पावले चालायची आणि एक दंडवत घालायचा, असे करीत ६५ दिवसांनी राजधानीत पोचले. तरी काम थांबले नाही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले आणि एप्रिलमध्ये जवळजवळ ३४ किलोमीटरांची भिंत सांधली गेली. सुमारे ४०० चौरस किलोमीटरांचा पट्टा भरती-ओहोटीला मुकला.

आता वजाबाकी पाहा. २००६ ते २००८ या तीन वर्षांत कोरियन आणि ऑस्ट्रेलियन निरीक्षकांनी एप्रिल-मेमध्ये इथली पाखरे मोजली. एकट्या ग्रेट नॉटची संख्या सेमानग्यूममध्ये सुमारे ९० हजारांनी घटली. शेजारच्या किनाऱ्यांवर तेवढी वाढली काय? नाही. मग ती ऑस्ट्रेलियात तरी परत पोचली असतील? तिथेही मोजदाद झाली. तिथेही आकडा खाली आला. ती दुसरीकडे गेली नव्हती, ती मेली होती. एका शाळेचे छप्पर उडाले, तर मुले शेजारच्या शाळेत बसवता येतात. पण तिथली खिचडी तिथल्याच मुलांपुरती शिजलेली असते, हे आम्हा मास्तरणींना सांगावे लागत नाही. २०१५ साली हा पक्षी जगाच्या संकटग्रस्त यादीत गेला.

"माणसे आधी की पाखरे आधी?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. सेमानग्यूमच्या चिखलात बायका शिंपल्या काढून संसार चालवीत होत्या. भिंत झाली, शिंपल्या कुजल्या, आणि पाखरांबरोबर या बायकांचाही घास गेला. दोघांचे ताट एकच होते! आणि ज्या भातासाठी हा खटाटोप, तो भात? देशात लोक भात कमी खाऊ लागले, आणि शेतीचा बेत कारखान्यांकडे वळला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच भराव जमिनीवर जगभरच्या ४३ हजारांच्या आसपास स्काउट मुलांचा मेळावा भरवला. पाण्याचा निचरा नाही, झाडाची सावली नाही, डासांचा सुळसुळाट, उन्हाने आजारी पडलेली मुले! वादळाच्या भीतीने शेवटी तळच रिकामा करावा लागला. समुद्राने जागा सोडली, म्हणजे ती माणसाच्या कामाची झाली असे नाही.

हे अटळ होते, असेही कुणी म्हणू नये. पिवळ्या समुद्राच्या पलीकडे चीनने २०१८ साली व्यापारी भराव थांबवले आणि २०१९ साली त्याचा किनारा जागतिक वारशाच्या यादीत आला. २०२१ साली कोरियाचेही काही चिखलपट्टे त्या यादीत आले. ग्यूमच्या मुखाशी मी पाहिला तो त्यांतलाच. सेमानग्यूमच्या उरलेल्या पट्ट्यावर विमानतळ बांधायचा बेत सोलच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द ठरवला. सरकारने त्यावर अपील केले, पण न्यायालयापुढे पाखरांचा हिशेब मांडता आला, तो कुणीतरी चिखलात उभे राहून मोजले होते म्हणून.

आपली ठाण्याची खाडी २०२२ साली रामसर यादीत आली, याचा आनंद आहे. हिवाळ्यात तिथे सैबेरियाकडचे तुतवार आणि मध्य आशियातले चिखले उतरतात. पण खाडीकाठची एखादी पाणथळ जागा बुजवायची वेळ आली, की आपल्याकडेही तेच वाक्य कानी येते. तेव्हा घरातल्या लहानथोरांना माझी एवढीच विनंती. पाखरे दुसरीकडे जातील असे कुणी म्हणाले, तर त्याला नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत : कुठे? आणि तुम्ही मोजलीत का?